नऊ मीटरवर बरं वाटतं

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या चेर्नी नोसमध्ये कुणीही सांगेल. मी एकदा भर धक्क्यावर बंदराच्या साहेबाला त्याच्या टोपीवरून इतकं बोलले की त्यानं ती टोपी पुन्हा घातली नाही. पण मी तरी काय करू? माझा जन्म गेला होडीत बसून पाण्यावरचे बुडबुडे बघण्यात. खाली भाऊ, वर मी. तासन् तास बोलायला समोर कुत्रं नाही. तो वर आला की साठलेलं सगळं एकदम बाहेर पडायचं, आणि हा बाबा तोंडातली नळी काढायच्या आधीच खिदळायला लागायचा.

हा बाबा म्हणजे स्तामात, माझा धाकटा भाऊ. पाणबुड्या. काळ्या समुद्राच्या तळावरून रापान काढायचा. रापान म्हणजे मुठीएवढा शंख. आतलं मांस ट्रकमध्ये बसून कुठं जपानला जातं म्हणे. आम्ही आपले तळलेल्या छोट्या माशांवर आणि शिंपल्यांवर खूश.

लहानपणी त्याचं काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. जमिनीवर तो नुसता ओंडका. लग्नात नाचायला उठला की लोक खुर्च्या मागे ओढत. दात काढायचा म्हटलं की दोन दिवस घरातून गायब. लष्करात गेला तिथं कुणीतरी त्याला पाण्यात ढकलला, आणि तिथं मात्र पठ्ठ्याला सूर सापडला. परत आला तेव्हा गावात काही उरलं नव्हतं. सामुदायिक शेती मोडलेली, मासे डबाबंद करायचा कारखाना बंद, गाई विकलेल्या. मग एक व्यापारी आला आणि म्हणाला, तळावरचे शंख आणा, किलोवर पैसे देतो. झालं! ज्याच्या घरात म्हणून डोळ्यांना लावायची काच होती तो पाणबुड्या झाला. त्यातले काही बुडाले, काही लंगडे झाले, काही शहाणे होऊन जर्मनीला गेले. स्तामात राहिला. बायको गालिना गेली, तिकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला. रोज संध्याकाळी फोन करून त्याला विचारायची, जेवलास का, मोजे वाळत घातलेस का. मोजे मी वाळत घालायचे.

आता केसोनबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस फार वेळ खाली राहिला आणि घाईनं वर आला, की त्याच्या रक्तात हवा फसफसते, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. खांदे, गुडघे ठणकतात, पाय लुळे पडतात, छाती आवळते. त्याला आम्ही म्हणतो केसोननं धरला. शहरात यावर इलाज आहे: लोखंडी पिंप, त्यात माणसाला बसवून दार लावतात आणि दाब देतात. पण शहर लांब, आणि एकदा पिंपात गेलं की डॉक्टर महिनोन् महिने पाण्यात उतरू देत नाहीत. मग खायचं काय, वाळू? म्हणून आमचे लोक पूर्वीपासून एकच करतात. नवी टाकी पाठीवर घेतात, दोराला धरून पुन्हा नऊ मीटर खाली जाऊन लटकून राहतात, आणि हळूहळू वर येतात. केसोन जिथून आणला तिथंच सोडून यायचा, असं म्हणतात. डॉक्टर डोकं आपटून सांगतात की असलं काही करू नका. पण दहांतल्या आठांना उतार पडतो, आणि उरलेले दोघं बोलायला येत नाहीत.

मग ती महामारी आली. वसंतात सगळं बंद, उन्हाळ्यात जरा उघडलं. पाणबुड्यांच्या संघाचा एक डॉक्टर फोनच्या पडद्यावर येऊन आम्हा सगळ्यांना समजावून गेला. एकमेकांच्या तोंडातली नळी वापरू नका. रोज औषधाच्या पाण्यात बुडवा. कुणाला आजार झाला तर बरा झाल्यावरही फुप्फुसाचा फोटो काढल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कारण वरून धडधाकट दिसलं तरी आत जखमा असतात. आणि प्रत्येक होडीवर प्राणवायूचा सिलिंडर ठेवा. पोरानं जीव तोडून सांगितलं बिचाऱ्यानं. ऐकणाऱ्यांत निम्मे सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

नळ्या बुडवायचं काम गेंचोनं अंगावर घेतलं. गेंचो म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना पाणबुड्या, आपल्याला सगळं कळतं अशा थाटात चालणारा. औषधाचं पाणी मिळेना, म्हणून त्यानं सगळ्यांच्या नळ्या बादलीभर राकियात, म्हणजे घरी गाळलेल्या दारूत, बुडवल्या. जंतू मेले की नाही देव जाणे, पण त्या दिवशी पाण्यातून येणारा प्रत्येक जण गात आला. सिलिंडर मात्र आम्ही खरंच आणला. पाच होड्यांत मिळून एक. धक्क्यावरच्या खोपटात ठेवला, वर लाल रंगात लिहिलं, हात लावू नये.

हात लावला तो माझ्याच भावानं.

पानगळीत गावात घराघरात खोकला शिरला. शहरात खाट मिळेना, रुग्णवाहिका अर्धा अर्धा दिवस येईना. आमच्या गल्लीच्या टोकाला म्हातारी तिंका, तिची मुलगी रडत धक्क्यावर आली: आई निळी पडलीय, काहीतरी करा. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते, आणि स्तामात खोपटात जाऊन सिलिंडर खांद्यावर घेऊन निघालासुद्धा.

मी ओरडले, "अरे मेल्या, तो होडीचा आहे! उद्या कुणाला लागला तर?"

"लागेल तेव्हा लागेल, ताई. तिला आत्ता लागतोय."

त्यानं तो तिच्या उशाशी नेऊन जोडला, नळी नाकाशी लावून दिली, वर आणखी रोज संध्याकाळी जाऊन काटा बघून यायचा. म्हातारी तगली. आजही आहे, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते. मी तिला दोष देत नाही. मी कुणालाच देत नाही, हीच तर चीड आहे. ज्याच्या नावानं बोटं मोडावीत असा एक माणूस मला सापडत नाही.

ऑक्टोबरअखेरचा दिमित्रोव्हदेनचा सण झाला, हंगाम संपला. पण त्यानंतर काही दिवस समुद्र असा शांत पडला की घरात बसवेना. स्तामात म्हणाला, दोनचार फेऱ्या मारून घेऊ, हिवाळ्याची बेगमी. त्या दिवशी तो तीनदा खाली गेला, तिन्ही वेळा जाळी भरून वर पाठवली. संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आला. मी वजडीचं आंबट सूप केलं होतं, लसूण घालून, त्याच्या आवडीचं. त्यानं दोन घोट घेतले, मीठ घातलं. पुन्हा मीठ घातलं. मग राकियाचा पेला तोंडाला लावून म्हणाला, "ताई, यात पाणी घातलंस का?"

माझ्या राकियात पाणी! माझ्या झाडाचे आलुबुखार, माझ्या हातानं गाळलेली! मी त्याला असा धुतला, असा धुतला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. म्हटलं, नवऱ्यानं सोडलं तेव्हा कुणी माझा एवढा अपमान केला नव्हता. तो हसून हसून वाकला. जाताना दारात थांबून खांदा चोळला आणि म्हणाला, आज जरा दमलोय.

सकाळी त्याच्या घरी गेले तर भिंतीला टेकून बसलेला. खांदे, गुडघे, पाठ, सगळं ठणकतंय. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. अंग कोमट. खोकला म्हणाल तर नावाला नाही.

"काल तिसऱ्यांदा वर येताना घाई केली मी," म्हणाला. "केसोन आहे."

गेंचो आला, दुरूनच मान तिरकी करून बघितलं आणि निकाल दिला, "केसोनच. चेहरा सांगतोय."

मी शहरात पिंपाकडे फोन लावला. फोनवर कुणी तरुण डॉक्टर होता, झोप न झालेला आवाज. सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, रुग्णवाहिका सांगतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही. आणि आधी आजाराची तपासणी करावी लागेल, त्याशिवाय पिंपात घेता येणार नाही. आता त्याचंही काय चुकलं? बंद पिंप, आत रोग्याबरोबर एक परिचारक बसतो, एकच हवा दोघांना. शेवटी म्हणाला, "बाई, प्राणवायू असेल तर लावा. आणि काहीही झालं तरी त्याला पाण्यात उतरवू नका."

"ते नेहमीच असं म्हणतात," स्तामात म्हणाला.

"मग तिंकाकडून सिलिंडर आणते."

"खबरदार! तिला काढून मला लावणार? मग मी रात्री झोपू कसा?" एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. "नऊ मीटर, ताई. दुपारपर्यंत बरा होतो."

मला तरी दुसरं काय माहीत होतं? आमच्या बापानंही म्हातारपणी शंख काढले, त्याला असाच बरा झालेला मी पाहिलाय. गेंचोनं त्याच्याकडच्या भरलेल्या टाक्या दिल्या, स्तामातच्या स्वतःच्या होत्याच, सगळ्या मिळून चार. होडीत चढताना त्याला मी काखेत धरून चढवलं. पोशाख घालताना धाप लागली. होडीच्या कडेवर बसला तेव्हा ओठ पांढरे होते. किनारा हाकेच्या अंतरावर, पाणी स्वच्छ, मी दोर सोडला आणि तो दोराला धरून खाली गेला.

आमचं दोरावरचं बोलणं सोपं आहे. एक हिसका, मी ठीक आहे. दोन, जाळी वर घे. तीन, मला वर घे. मी दोर बोटांत धरून बसले. बुडबुडे सुरुवातीला भराभर येत होते, एकावर एक. मग सावकाश झाले. मग एकदम शांत, जसे रोजच्या कामाच्या वेळी येतात तसे. आणि दोराला एक हिसका.

मी देवाचे आभार मानले. उतार पडला! म्हटलं, बघा, हे शहरातले उंटावरचे शहाणे. बापाचंच खरं.

टाकी संपत आली तसा तो टप्प्याटप्प्यानं वर आला. डोकं बाहेर आलं, नळी काढली, आणि चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. हवा आत जाईचना. तोंड उघडतोय, छाती उचलतेय, काही जात नाही.

"खाली... बरं... होतं," एवढंच बोलला.

मी दुसरी टाकी लावून दिली. पुन्हा खाली. पुन्हा बुडबुडे शांत, पुन्हा एक हिसका. मला वाटलं, केसोन जुना आहे, एका टाकीनं सुटणारा नाही. दुसरी संपली, वर आला, आणि आधीपेक्षा वाईट. या वेळी होडीची कड धरायला हात उचलेना. तिसरी मी पाण्यात वाकूनच बांधली. खाली गेला की झालं, निवांत. मला काही उमजेना. हे कसलं दुखणं? केसोन असता तर दर खेपेला थोडा तरी कमी व्हायला नको का?

मी पुन्हा फोन लावला. तोच आवाज. मी खरं ते सांगून टाकलं, पाण्यात आहे म्हणून. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"ताप आहे?"

"कोमट होता."

"खोकला?"

"नाही."

"जेवणाची चव लागतेय का त्याला?"

सूप, मीठ आणि माझी राकिया, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"बाई?"

"नाही लागत."

मग त्यानं समजावलं, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. हा केसोन नाही. त्याची फुप्फुसं आजारानं भरलीत, हवा घेईनात. नऊ मीटर खाली पाणी दाब देतं, तिथं एका श्वासात जवळजवळ दुप्पट हवा मिळते, म्हणून त्याला बरं वाटतं. वर आला की तो आधार गेला. आणि असल्या फुप्फुसांनी वर येताना आत काही फाटलं तर संपलंच. "त्याला वर काढा. अगदी हळू काढा. श्वास धरू नकोस म्हणावं."

"अहो, पण वर काढून मी त्याला श्वास कुठून देऊ?"

मग म्हणाला, "मी गाडीसाठी पुन्हा फोन करतो."

बरोबर त्याच वेळी तो तिसऱ्या टाकीच्या शेवटाला आला होता. त्याला पाण्याबाहेर काढायची हिंमत मला झाली नाही. होडीच्या कडेलाच, त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून चौथी लावली. म्हटलं, धक्क्यावर गाडी येऊन उभी राहीपर्यंत तरी खाली असू दे. दोरी धरून बसले, धक्क्याकडे बघत. धक्क्यावर गेंचो उभा होता, त्याला हात करून विचारत होते, आली का? तो मान हलवत होता, नाही. पुन्हा विचारायचे, पुन्हा नाही. सूर्यप्रकाश इतका छान पडला होता की मला त्या उन्हाचाही राग आला.

शेवटी टाकीचा हिशोब मनात धरून मी दोराला तीन हिसके दिले. वर ये.

खालून एक हिसका. मी ठीक आहे.

मी पुन्हा तीन दिले. खालून पुन्हा एक. आणि खोटं नव्हतं ते, तो खरंच ठीक होता. पाणी स्वच्छ होतं म्हणून मला तो दिसत होता, दोराला एका हातानं धरून, पाय मोकळे सोडून, बसस्टॉपवर उभा राहावा इतका निवांत. मी वरून ओरडत होते, "अरे ये ना रे राजा, संपत आली रे टाकी!" पाण्याला काय ऐकू येतंय. तिसऱ्यांदा मी हिसके दिले नाहीत. दोर हातांना गुंडाळला आणि ओढायला लागले. तो आला. विरोध केला नाही, मीच ओढतेय हे त्याला कळलं. थोडं ओढायचे, थांबायचे, थोडं ओढायचे, डॉक्टरनं सांगितलं तसं. आपल्या हातानं मी त्याला त्याच्या श्वासापासून दूर आणत होते. आणि खाली ठेवला असता तर टाकी संपून तिथं मेला असता. सांगा, यातलं कुठलं निवडायचं असतं?

होडीत आडवा घातला तेव्हा ओठ जांभळे झाले होते. डोळे उघडे. माझा हात धरून म्हणाला, "खाली सोड." एवढंच, पुन्हा पुन्हा. इंजिन दोरीच्या एका ओढीत सुरू झालं नाही, मी त्या इंजिनाच्या सात पिढ्या उद्धारल्या. धक्क्याला लागलो आणि थोड्या वेळानं गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं, नुसते डोळे दिसणारी, त्यांनी त्याला उचलला आणि दार लावलं. मी मागे धावले तर त्यातला एक म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी थांबा, कुणाच्या जवळ जाऊ नका." घरी थांबले. पुढं इस्पितळाच्या फाटकावर कोरडे कपडे आणि सुपाचा डबा देऊन यायचे, आत सोडत नव्हते. गालिना जर्मनीहून फोनवर रडायची, मी इकडून. यंत्रावर होता किती आठवडे.

बर्फ पडलेलं असताना तो घरी आला. जिवंत. गावानं दारू काढली, म्हणाले, आता काय, जिंकलास! मीही म्हटलं. फुप्फुसाचा फोटो मात्र डॉक्टरनं मला दाखवला होता. काळं असायला हवं तिथं पांढरं, दोन्हीकडे. हे परत काळं होणार नाही, म्हणाला. आणि पाणी कायमचं बंद. गुडघ्याच्या वर नाही.

आता तो धक्क्यावरच्या बाकावर बसतो. घरापासून तिथपर्यंत यायला सकाळ जाते, मधल्या प्रत्येक भिंतीला टेकावं लागतं. बुटाची नाडी बांधायला वाकला तर वर येऊन बराच वेळ डोळे मिटून राहतो. गेंचोची पोरं टाक्या भरून समुद्रावर जातात, तो त्यांना जाताना बघतो. चिडचिड करत नाही. पहिल्यापासूनच त्याला चिडणं जमत नाही, ते सगळं खातं माझ्याकडे.

परवा मी त्याच्याशेजारी बसून जाळं सांधत होते. म्हणाला, "ताई, एक टाकी भरशील?"

"कशाला?"

"नऊ मीटर. थोडाच वेळ. तिथं मला काही होत नाही गं. वर होतं."

अगदी सहज, पाणी मागावं तसं. मला रडू आलं, आणि रडू आलं की माझं तोंड सुटतं. म्हटलं, "जा ना, कायमचाच जा राहायला! पण तिथं पोस्टमन येत नाही, पेन्शन कुणाच्या हाती पाठवू, खेकड्याच्या? आणि गालिना आली की काय सांगू तिला? बाई गं, नवरा शंखांच्या चाळीत राहायला गेलाय, आणि तिथंसुद्धा मोजे वाळत घालत नाही!"

तो हसला. आधी नुसते खांदे हलले, मग पूर्वीसारखा पोटातून. आणि तिथंच त्याचा श्वास अडकला. हसू तोंडावर तसंच आणि हवा आत जात नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून तो पुढे वाकला, मान ताणली, डोळ्यांत पाणी. मी पाठ चोळत राहिले, दुसरं काही करता येत नाही, चोळूनही काही होत नाही. खूप वेळानं एकदाचा एक श्वास आत गेला, मग दुसरा. ओठांचा रंग परत यायला लागला.

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला.

"आणखी बोल ना," म्हणाला. "शंखांची चाळ. पुढं?"

जिभेवर सगळं आलं होतं. चाळीतली भांडणं, घरमालक शिंपला, सगळं. मी मान खाली घातली आणि जाळं सांधत राहिले.